नाभीवरचा अंतरपाट

वाईच्या घैसास गुरुजींना साऱ्या तालुक्याचे मुहूर्त तोंडपाठ होते, फक्त स्वतःच्या पोटाचा मुहूर्त तेवढा कधी सापडत नव्हता.

मंदार घैसास. पन्नाशी नुकतीच ओलांडलेली, अंगकाठी शिडशिडीत आणि आवाज असा खणखणीत, की माइक बिघडला तरी मांडव अडत नसे. पण गेली कित्येक वर्षं हा माणूस पाटावर बसला की त्याचं निम्मं लक्ष होमाकडे आणि निम्मं संडासाच्या दाराकडे असायचं. नव्या यजमानाकडे गेल्यावर इतर पुरोहित देवघर कुठे ते विचारतात. गुरुजी हातपाय धुण्याचं निमित्त काढून आधी न्हाणीघराकडची वाट बघून ठेवत. कळ आली की आलीच. बेंबीभोवती पीळ बसायचा, कपाळावर घाम फुटायचा आणि मग थांबणं हातात राहायचं नाही. त्यात सोवळ्याचा नियम. शौचाला जाऊन आलं की अंघोळ करून, पुन्हा सोवळं नेसल्याशिवाय पाटावर बसायचं नाही, हे वडिलांनी लहानपणीच अंगवळणी पाडलेलं. तेवढ्यात इकडे होम विझायला येई, यजमानाचे गुडघे कुरकुरू लागत आणि मागून कुणीतरी पुटपुटे, "गुरुजी गेले कुठे?"

डॉक्टर झाले, वैद्य झाले. दुर्बीण घालून पाहिली, रक्त तपासलं. सगळं उत्तम! सूज नाही, व्रण नाही, गाठ नाही. "आयबीएस आहे, टेन्शन घेऊ नका," एवढं सांगून डॉक्टर पुढच्या पेशंटला हाक मारत. 'टेन्शन घेऊ नका' म्हटल्यानं कुणाचं टेन्शन गेल्याचं गुरुजींच्या तरी ऐकिवात नव्हतं. नातेवाइकांचे उपाय वेगळेच. ओवा खा, हिंग लावा, बेलाचा मुरंबा घ्या, ताक प्या, ताक सोडा. धाकटा भाऊ मिलिंद तर सरळ म्हणाला, "दादा, मनाचे खेळ आहेत रे हे. दुर्लक्ष कर." गुरुजींनी भावाच्या त्या सल्ल्याकडे मात्र मनापासून दुर्लक्ष केलं.

सगळ्यात वाईट गत व्हायची पंगतीत. यजमानीणबाई तुपाची वाटी घेऊन समोर उभ्या राहायच्या आणि गुरुजी पानावर आडवा हात धरायचे. "गुरुजींना हल्ली आमचं अन्न चालत नाही," अशी कुजबुज गावात सुरू झाली. खरं सांगायची लाज वाटे. लोकांना शुद्धी शिकवणाऱ्यानं असलं गाऱ्हाणं मांडायचं कुठल्या तोंडानं? मग त्यांनी लग्नं घेणं सोडलं, वास्तुशांती सोडल्या. सत्यनारायण नाहीतर गणेशपूजन, तेही ओळखीच्या घरी, एवढ्यावर गाडी येऊन ठेपली.

अशात त्यांची एकुलती एक मुलगी ऋता हिचं लग्न ठरलं. ऋता चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या दुरुस्त करायची, उंचावर दोराला लटकून. मुलगा साताऱ्याचा, तन्मय दातार. सगळं मनासारखं जुळलं आणि ऋतानं अट घातली.

"कन्यादान मिलिंदकाका आणि काकू करतील. मंत्र बाबा सांगणार."

"अगं, सकाळपासून दुपारपर्यंत बसायचं काम ते," गुरुजी म्हणाले. "मी आपला बाप म्हणून उभा राहतो की."

"साऱ्या गावच्या मुलींची लग्नं लावलीत बाबा तुम्ही. तुमच्या शेजारी बसून मी मंगलाष्टकं पाठ केली. आणि माझ्याच वेळी परका माणूस?"

"बघू," गुरुजी म्हणाले. त्या घरात 'बघू'चा अर्थ 'नाही' असा होता. ऋताचे डोळे भरून आले, ते त्यांना दिसलं आणि जिवाला फार लागलं.

साखरपुड्यात तन्मयच्या आजोबांनी, नानासाहेब दातारांनी, आणखी भर घातली. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला ताठ म्हातारा. दाराजवळची खुर्ची धरून बसला होता, ती शेवटपर्यंत सोडली नाही. "मुहूर्त चुकलेला मला खपायचा नाही," एवढं ठणकावून सांगितलं आणि पानाला हात न लावता निघून गेला.

"काय ताठा बाई म्हाताऱ्याचा!" गुरुजींची बायको स्नेहल म्हणाली. मग नवऱ्याच्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघून तिनं पदर खोचला. "ते काही नाही. साताऱ्याला पोटाच्या आजारांवर संशोधन करणारं केंद्र निघालंय. उद्याच जायचं."

केंद्रात डॉ. नाझनीन मुल्ला भेटल्या. तिशीतल्या, बोलताना दोन्ही हात हलवणाऱ्या. त्यांनी जुने रिपोर्ट चाळून बाजूला ठेवले.

"गुरुजी, तुमचं आतडं दिसायला ठणठणीत आहे, म्हणून कॅमेऱ्याला काही सापडत नाही. बिघाड आहे तो निरोपांमध्ये. आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचं स्वतःचं जाळं असतं, कोट्यवधी पेशींचं. ते मेंदूला सतत काहीबाही कळवत असतं आणि मेंदूही उलट हुकूम सोडत असतो. माझ्या पोटात वायू सरकला तर मला पत्ता लागत नाही. तुमच्या मेंदूला तीच हालचाल आरोळीएवढी मोठी ऐकू येते. मेंदू घाबरतो, आतड्याला घाई करायला सांगतो. आतडं आणखी आवळतं, म्हणून मेंदू आणखी घाबरतो. दुखणं अगदी खरं आहे तुमचं."

गुरुजींनी ते शेवटचं वाक्य त्यांना पुन्हा एकदा म्हणायला लावलं. इतक्या वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं.

डॉक्टरांनी टेबलावर एक मऊ पट्टा ठेवला. त्याचं नाव नाभी. पोटावर बांधायचा. आतड्याच्या विजेच्या लहरी आणि आवाज तो कातडीवरूनच टिपायचा आणि केंद्रातल्या संगणकाकडे पाठवायचा. कळ येण्याआधी बराच वेळ या लहरींची चाल बदलते. संगणक ती ओळखून मनगटावर बांधलेल्या मण्याला रंग द्यायचा. हिरवा म्हणजे निर्धास्त, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे तासाभरात कळ येणार.

"म्हणजे पोटाचं पंचांगच की!" गुरुजी हरखून म्हणाले.

आणि तिथेच घोड्यानं पेंड खाल्ली. ज्यानं जन्मभर पंचांग उघडून लोकांना 'आज नको, परवा करा' सांगितलं, त्याच्या हाती स्वतःच्या पोटाचं पंचांग लागल्यावर काय विचारता! सुरुवातीचे दिवस सुखाचे गेले. मणी लाल झाला की गुरुजी आधीच निघून यायचे, फजिती टळायची. पण मग ते कारणं शोधायला लागले. तुरीच्या वरणानंतर मणी पिवळा झाला, वरण बंद. एकदा कृष्णेच्या पुलावर लाल झाला, तेव्हापासून पुलावरून जाणं वर्ज्य. बुधवार वाईट ठरला. तन्मयच्या घरच्यांचा फोन वाईट ठरला. बोलता बोलता नजर मनगटाकडे जायची. ताटात मऊ भात आणि उकडलेला दुधी एवढंच उरलं. मण्याचा अंदाज मात्र दिवसेंदिवस अचूक होत चालला. लाल म्हटलं की कळ येणार म्हणजे येणारच.

"लोकांना सांगता, एकदा मुहूर्त काढला की मनात शंका आणायची नाही," स्नेहल चिडून म्हणाली. "आणि स्वतः? आरशात बघा जरा. गळ्याची हाडं मोजून घ्यावीत."

"मणी खोटं बोलत नाही," गुरुजी म्हणाले.

एकट्या गुरुजींनाच दोष का द्यावा? नाभीचं वेड तोवर सगळीकडेच पसरलं होतं. कचेऱ्यांत मणी लाल झाला की सुट्टी मिळे. बसवाले तिकिटाआधी मणी बघत. लग्नाच्या स्थळांना पत्रिकेबरोबर मुला-मुलीचा नाभीचा आलेख धाडायची पद्धत पडली होती. केंद्र खूश, पट्टे बनवणारे त्याहून खूश. पोटं मात्र बरी होत नव्हती, आणि हे अजून कुणी नीट बोलत नव्हतं.

लग्न जवळ आलं तसे गुरुजी खचले. दुसरे गुरुजी ठरवावेत असं त्यांनी मनाशी पक्कं केलं, फक्त ऋताला सांगायचं धैर्य होईना. तेवढ्यात यशवंत गोळे दारात येऊन उभे राहिले. धोम धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत त्यांनी नवं घर बांधलं होतं.

"गुरुजी, आमच्या आज्याची वास्तुशांत तुमच्या वडलांनी केली. माझी तुमीच करायची. दुसरा कुनी बामन मी उंबऱ्यात घेनार न्हाय."

गुरुजी नाही म्हणणार होते. पण वडिलांचं नाव निघालं आणि जीभ अडली. ठरल्या दिवशी सकाळी मणी हिरवा होता, म्हणून निघाले. गोळ्यांकडे पोहोचले तरी हिरवा. पुण्याहवाचन झालं, होम पेटला, हिरवाच. मध्ये एकदा पोटात गुडगुडलं. गुरुजींनी मनगटाकडे पाहिलं. हिरवा. मग काळजी कसली? त्यांनी आवाज चढवला. बाहेर गुरं राखणारी पोरंसुद्धा ऐकायला दाराशी आली. पूर्णाहुतीपर्यंत गुरुजी पाटावरून हलले नाहीत.

"येवढी एक पोळी घ्याच," गोळेवहिनी पुरणपोळी घेऊन उभ्या राहिल्या. "न्हायतर मला लई वाईट वाटंल."

मण्याकडे बघून गुरुजींनी एक घेतली. मग दुसरी घेतली, वर तूप मागून घेतलं. कित्येक वर्षांनी पुरणाची चव जिभेवर आली आणि त्यांना चक्क रडू फुटलं. गोळ्यांना वाटलं, ठसका लागला.

दोन दिवसांनी केंद्रातून बोलावणं आलं. डॉ. नाझनीन पडद्यासमोर बसल्या होत्या आणि आज त्यांचे हात हलत नव्हते.

"गुरुजी, परवा कुठे होतात?"

"डोंगरात. वास्तुशांतीला. दिवसभर मणी हिरवा होता, काय सांगू तुम्हाला!"

"हिरवा होता, कारण तिथे रेंजच नव्हती. सकाळचाच रंग मण्यावर अडकून राहिला. पट्टा मात्र आतल्या आत सगळं टिपत होता. हे बघा." पडद्यावरच्या आलेखात दोन उंच डोंगर उमटले. "दोनदा लाल व्हायला हवा होता. एकदा होमाच्या वेळी, एकदा जेवताना. दोन्ही लाटा आल्या, चढल्या आणि आपोआप उतरल्या. कळ आलीच नाही."

गुरुजींनी आलेखातले दोन्ही डोंगर बोटानं मोजले. मग एकदम उसळले.

"म्हणजे मिलिंद म्हणत होता तेच खरं! मनाचे खेळ! सगळं माझ्याच डोक्यातलं!"

"नाही गुरुजी!" डॉक्टरांचे हात पुन्हा उठले. "लाट खरी आहे, ही काय समोर दिसतेय. नुसत्या डोक्यातलं असतं तर इथे काही उमटलंच नसतं. धोम धरणाखाली पूर येतो तेव्हा वर पडलेला पाऊसही खरा असतो आणि दरवाजे उघडले हेही खरं असतं. पाऊस तुमच्या हातात नाही. पण आमचा मणी लाल झाला की तुमचा मेंदू घाबरून सगळे दरवाजे एकदम उघडत होता. अंदाज अचूक होत गेला तो आमच्या हुशारीनं नव्हे. आम्ही भाकीत करायचो आणि ते तुमच्याकडून खरं करून घ्यायचो. चूक आमची आहे. मी रात्रंदिवस त्या अचूकतेच्या टक्केवारीवर खूश होते."

त्यांनी डोळे पुसले. त्यांच्या कामावर पाणी पडलं होतं आणि ते त्या पेशंटला तोंडावर सांगत होत्या. गुरुजींचा राग तिथल्या तिथे ओसरला.

"पट्टा फेकून द्यायचा मग?"

"पट्टा कामाचा आहे. लाट चढायला लागली की कानातल्या एका मज्जातंतूला हलकी गुदगुली केली तर मेंदूचा घाबरटपणा कमी होतो, हे आमच्याकडे सिद्ध झालंय. लांब श्वास सोडल्यानंही होतं तेच."

"मंत्र म्हणताना आम्ही लांबच श्वास सोडतो. आमच्या पूर्वजांना..."

"लगेच पूर्वजांवर जाऊ नका गुरुजी," डॉक्टर हसल्या. "माझ्या आजोबांची अजान चालेल, अंगाई चालेल. अडचण वेगळीच आहे. लाट येतेय हे पट्ट्याला कळायला हवं, पण तुम्हाला कळता कामा नये. आणि कानात गुदगुली झाली की तुम्हाला कळणारच."

गुरुजी विचारात पडले. मग जन्मभर जे काम केलं होतं तेच त्यांच्या मदतीला आलं.

"डॉक्टर, नवरा-नवरी एकमेकांसमोर उभी असतात, पण वेळ येईपर्यंत आम्ही मध्ये अंतरपाट धरतो. दोघं तिथेच असतात, दिसत मात्र नाहीत. माझ्या आणि पट्ट्याच्या मध्ये असा अंतरपाट धरता येईल का? कानातलं यंत्र उगाचही गुदगुल्या करू दे ना. खरी कुठली, खोटी कुठली, मला कळायचंच नाही."

डॉ. नाझनीन खुर्चीवरून उठूनच उभ्या राहिल्या.

पुढचे आठवडे घाईचे गेले. मुगाएवढं यंत्र गुरुजींच्या कानात बसलं, मनगटावरचा मणी गेला. केंद्रातल्या वरिष्ठांना हे रुचलं नाही, कारण लोक विकत घेत होते तो मणीच. पण डॉ. नाझनीन हटल्या नाहीत. इतर पेशंटांवरही त्यांनी अंतरपाटाचा प्रयोग लावला. घरी मात्र एक नवीच भानगड झाली. काळजीपोटी स्नेहलनं पट्ट्याचा रंग स्वतःच्या फोनवर घेतला. गुरुजी तिच्याकडे पाहायचे आणि तिच्या भुवया वर गेल्या की यांच्या पोटात पीळ.

"तुझा चेहराच मणी झालाय," गुरुजी म्हणाले.

"मग मी काय करू? मला कळायला नको तुमचं?"

"नको. तुला माझी काळजी आहे, ते मला माहीत आहे. पण लग्नात मंत्र मी सांगणार, तू फक्त पोरीकडे बघ."

स्नेहलनं फोनवरून ते काढून टाकलं. तिला ते सोपं गेलं नाही. इतकी वर्षं तीच त्यांच्या पोटावर पहारा देत आली होती.

लग्नाच्या दिवशी कार्यालय गच्च भरलं होतं, डॉ. नाझनीनही आल्या होत्या. नानासाहेब दातार पुन्हा दाराजवळच्याच खुर्चीवर, ताठ. गुरुजी सोवळं नेसून पाटावर बसले. सुरुवात करण्याआधी त्यांनी माइक हातात घेतला. ऋतानंही चमकून वर पाहिलं, कारण हे ठरलेलं नव्हतं.

"मंडळी, मला पोटाचा विकार आहे. आयबीएस म्हणतात त्याला. अचानक कळ येते आणि उठावं लागतं. इतकी वर्षं लाजेनं लपवलं, त्यापायी तुमची लग्नं सोडली, तुमच्या घरचं अन्न नाकारलं. अन्नाचा दोष नव्हता. आज मध्ये उठावं लागलं तर मी उठेन, हातपाय धुऊन परत येईन आणि पुढे सुरू करीन. अंघोळीचा नियम माझ्या वडिलांचा. त्यांना मी वर गेल्यावर समजावून सांगेन."

मग पाठीमागून गोळ्यांचा आवाज आला, "व्हय गुरुजी, खुशाल जावा! आमी हाय न्हवं!" आणि सगळं कार्यालय हसलं. त्या हसण्यानं गुरुजींच्या छातीवरचा दगडच उतरला.

मंगलाष्टकांच्या वेळी ती आली. जुनी, ओळखीची. अंतरपाटाचं टोक हातात होतं, बेंबीपाशी पीळ बसत होता. सवयीनं नजर मनगटाकडे गेली, तिथे काही नव्हतं. स्नेहलकडे गेली. ती लेकीकडे बघत होती, डोळे भरून, दुसरीकडे कुठेच नाही. कानात गुदगुली झाली, खरी की खोटी कोण जाणे. उठावं लागलं तर उठू, सगळ्यांना माहीत आहे आता, असं मनाशी म्हणून गुरुजींनी शेवटचं अक्षर लांबवलं, श्वास संपेपर्यंत लांबवलं. पीळ तसाच राहिला. त्यांनी पुढचं कडवं घेतलं. पीळ सैल झाला. आणखी एक कडवं, आणि तो कधी गेला ते त्यांना कळलंसुद्धा नाही, कारण मुहूर्त भरला होता आणि समोर पोर उभी होती.

"सावधान!" असं काही गरजले की खांबावरच्या चिमण्या उडाल्या. अंतरपाट खाली आला. अक्षतांचा पाऊस पडला. ऋता तन्मयकडे बघायचं सोडून बापाकडेच बघत होती आणि खुदकन हसत होती. मुहूर्त साधला होता. मग लाजाहोम झाला, सप्तपदी झाली. गुरुजी पाटावरून एकदाही उठले नाहीत.

पंगतीत त्यांनी जिलबी घेतली, मठ्ठा घेतला, वरण-भातावर तूप घेतलं. वाढणाऱ्यांची चढाओढ लागली. हात धुवायला गेले तर नळाशी नानासाहेब उभे.

"गुरुजी," म्हातारा आजूबाजूला बघत हळूच म्हणाला, "दाराजवळची खुर्ची मी चाळीस वर्षं का धरतो, ते आज तुम्हाला सांगायला हरकत नाही. लोक म्हणतात, ताठा आहे. तुमचे डॉक्टर कुठे बसतात?"

"डॉक्टर तुमच्या मागेच उभ्या आहेत," गुरुजी म्हणाले. "आणि नाना, आधी जेवून घ्या. मी बसतो शेजारी."

नानासाहेबांनी त्या दिवशी नातवाच्या लग्नात पोटभर जेवण केलं. डॉ. नाझनीनभोवती तोवर घोळका जमला होता. गावात ज्यांना आजवर नुसतं नाजूक, लहरी नाहीतर शिष्ट म्हणत, त्यांतले निम्मे तिथे रांगेत उभे होते, आणि मिलिंद त्यांना खुर्च्या आणून देत होता.

संध्याकाळी पाठवणीची वेळ झाली. गाडी दारात आली. ऋता आईच्या गळ्यात पडली, मग बापापुढे वाकली. वर पाहते तो गुरुजींचा हात पोटावर आणि चेहरा पिळवटलेला.

"बाबा!" ती घाबरली. "कळ आली का?"

"आली."

"डॉक्टरांना बोलावू?"

"नको गं." गुरुजींनी तिचा हात हातात घेतला आणि रडता रडता हसले. "ही कळ सगळ्या बापांना येते."